असू शकतं

डॉक्टर बोनारिया सासारीहून आल्या तेव्हा
एकशे चौदा नंबरच्या मेंढीला
मी दगडी भिंतीशी टेकवून उभं केलं होतं.
तोंडभर चरायची, तरी झिजत चाललेली,
पाठीचा कणा असा वर आलेला
की माळेचे मणी मोजावेत.

त्यांनी दूध घेतलं, लेंड्या घेतल्या, रक्त घेतलं.
मग घरात येऊन, हात धुऊन,
गाविनाच्या दंडातूनही थोडं रक्त घेतलं.
एकाच डब्यात, बर्फावर, दोघींच्या कुप्या.
मला ते खटकलं.
बोललो नाही.

गेल्या नोव्हेंबरात, मेंढ्या विण्याच्या दिवसांत,
पोर रात्रभर पाणी पीत होती.
बायको म्हणाली, एवढ्या थंडीत कसली ही तहान?
मी वाड्यात, कोपरापर्यंत हात घालून
आडवं आलेलं कोकरू ओढत होतो.
म्हटलं, चीज खारट झालं असेल.
तिसऱ्या दिवशी तिच्या श्वासाला
सडक्या सफरचंदांचा वास आला,
आणि नुओरोपर्यंतची वळणं मी कशी घेतली
ते आजही सांगता येत नाही.

डॉक्टरांनी कागदावर दोन वेड्यावाकड्या रेघा काढल्या.
हा त्या जंतूचा तुकडा,
हा तिच्या स्वादुपिंडातल्या पेशीचा.
बघा, किती सारखे दिसतात.
राखणदार एकाला ओळखायला शिकतात
आणि दुसऱ्यावर तुटून पडतात.
असं असू शकतं, त्या म्हणाल्या.

असू शकतं.
धारोष्ण दूध मीच पाजलं तिला, फेसासकट,
तिच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी यायची.
तेच दूध माझा भाऊ आंतिओको बासष्ट वर्षं पितोय,
आणि पाव मधात बुडवून खातो.
फिनलंडातही पुष्कळ मुलांना आहे हा आजार,
तिथे कुठे आल्या आमच्या मेंढ्या?
हे त्यांनीच सांगितलं.
मी विचारलं नव्हतं.

राखणदारांचं मला कळतं.
बापाचा एक कुत्रा होता, मुरित्तू.
एका हिवाळ्यात कोल्ह्याशी झुंजला,
कान फाटला, पण कळप राखला.
त्यानंतर तांबूस लोकर दिसली की धावून जायचा.
आमचीच दोन कोकरं फाडली त्यानं.
बापानं बंदूक घेतली, त्याला ओढ्यापलीकडे नेलं,
आणि परत येऊन दोन दिवस जेवला नाही.

पोरीच्या आत जे सुटलेत
त्यांना कुठल्या ओढ्यापलीकडे नेऊ?
कुंपणानंच शेत खाल्लं, इतकं नक्की.
पण इथे कोल्हा आला होता की नाही,
ते अजून कुणी पाहिलेलं नाही.
माग दिसतो, म्हणतात डॉक्टर.
माग तर वारासुद्धा काढतो मातीत.

फ्रिजमध्ये इन्सुलिन आणि चीजचं विरजण
एकाच कप्प्यात आहेत.
एकशे चौदाला सोमवारी न्यायला येणार आहेत.
गाविनानं तिचं काहीतरी नाव ठेवलंय,
मला सांगत नाही.

माझ्या दुधाच्या वहीतच ती
बोट टोचून आलेला आकडा लिहिते.
डावीकडे माझे लिटर, उजवीकडे तिची साखर,
मधली रेघ पट्टीशिवाय ओढलेली.
डॉक्टरांनी त्या पानाचा फोटो काढला.
याचा काही उपयोग?
माहीत नाही, म्हणाल्या,
आणि डबा मांडीवर घेऊन गाडीत बसल्या,
त्यांचा ड्रायव्हर शीळ घालत होता.

संध्याकाळी धारा काढताना गाविना दारात आली.
म्हणाली, एकशे चौदा.
मी चरवी खाली ठेवली, म्हटलं, काय झालं तिला?
मेंढी नाही हो बाबा, ती हसली,
साखर.
आज चांगली आहे.